स्नेहनकक्षात पाय घसरणे आणि नुकसानभरपाईचा दावा

भग्नाची कारणे सांगताना सुश्रुताचार्यांनी पतनाचा उल्लेख प्रथम केला आहे. ते पतन वैद्याच्याच दारात घडले तर पुढे काय होते, हे मात्र आम्हांस अनुभवानेच शिकावे लागले. उचगाव येथील आमच्या चिकित्सालयात अभ्यंग व स्वेदन आटोपून बाहेर पडणाऱ्या एका वृद्ध रुग्णेचा पाय तेलकट फरशीवरून घसरला. मनगटाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि दीड महिन्याने त्यांच्या वकिलांची नोटीस आली. या बाई निपाणीच्या. सर्व वैद्यबंधू-भगिनी व औषधालयचालकांस उपयोगी पडावे म्हणून त्या निमित्ताने झालेला अभ्यास येथे मांडीत आहोत.

शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणी स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवेतील त्रुटी'च्या व्याख्येत निष्काळजीपणामुळे ग्राहकास झालेल्या इजेचाही समावेश आहे. म्हणजे उपचार निर्दोष असला तरी ओली फरशी त्रुटी ठरू शकते. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही, आणि वकील नेमणेही सक्तीचे नाही. तक्रारदारास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सीमाभागातून रुग्ण येणाऱ्या आपणा कोल्हापूरकरांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. निपाणीच्या रुग्णेची तक्रार बेळगाव येथे दाखल झाली असती व आम्हांस तेथे जावे लागले असते.

औषधालयात केवळ औषध घेण्यास आलेला ग्राहक पायरीवरून पडला, तर ती सेवेतील त्रुटी की नाही यावर वाद होऊ शकतो. परंतु दिवाणी दाव्याचा मार्ग त्यास खुला असतोच. जागेच्या मालकाची जबाबदारी न्यायालये किती गंभीरपणे पाहतात, याचे जुने उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकातील कोसळलेल्या घड्याळ-मनोऱ्याचे. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी महानगरपालिकेस जबाबदार धरले. दोष माहीत नव्हता, हा बचाव तेथे चालला नाही. अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि इजेसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. आपले रुग्णही अशा अपघातानंतर आपणाकडे येतात, हे विसरू नये.

तेव्हा दाव्याचा कणा असतो तो आपला केसपेपर. पतनाची तारीख, वेळ, ठिकाण, रुग्णाने सांगितलेले कारण आणि तपासणीतील निष्कर्ष त्याच दिवशी लिहावेत. मागाहून भरलेली नोंद दोन्ही पक्षांस घातक ठरते. वकील निवडताना रुग्णास एक गोष्ट अवश्य सांगावी. 'जिंकल्यास इतके टक्के' असा करार बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलास करता येत नाही. स्त्रिया, बालके, दिव्यांग तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

नोटीस आपणावरच आली तर? आम्हांस प्रथम राग आला, तो अस्थानी होता. एका स्नेह्याने 'उत्तरच देऊ नका' असा सल्ला दिला. तो ऐकला नाही हे बरे झाले. आयोगाकडे तक्रार दाखल झाल्यावर लेखी उत्तरासाठी तीस दिवस व फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरविले आहे.

आमच्या वकिलांनी विमा पॉलिसी मागितली. ती व्यावसायिक चुकांपुरती निघाली. आवारातील पतन तीत बसत नव्हते. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचे संरक्षण निराळे घ्यावे लागते. विमा असल्यास घटना कंपनीस तत्काळ कळवावी व तिच्या संमतीवाचून लेखी कबुली देऊ नये, ही अट बहुधा असतेच.

रुग्णेची मागणी शस्त्रक्रियेचा खर्च व बुडालेले शिवणकामाचे उत्पन्न एवढीच होती. मनगट अद्याप पूर्ण वळत नव्हते, हे आम्ही स्वतः पाहिले. दोन्ही वकिलांसमक्ष लेखी तडजोड करून ती रक्कम आम्ही पदरची धनादेशाने दिली. स्नेहनकक्षाच्या दारापाशी आता खडबडीत फरशी व कठडा आहे, आणि स्वेदनानंतर रुग्णाचे तळपाय पुसून परिचारिका त्यास हात धरून बाहेर आणते.