टायटलमधून गळलेलं गाव: डेव्हिड चेऊलकर

आजचा भाग हरिहरेश्वरहून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे लाटा ऐकू आल्या तर समजून घ्या.

'गोलमाल' आठवतोय? भवानीशंकरकडे मुलाखतीला काय घालून जायचं, काय बोलायचं, हे अमोल पालेकरला शिकवणारे टकले, हसरे डॉक्टर? ते डेव्हिड. मला कित्येक वर्षं ते गोव्याचे ख्रिश्चन वाटायचे. साफ चूक! त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे आपल्या रायगडचे.

इथून श्रीवर्धन, दिवेआगर करत दिघीला फेरीबोट पकडायची, आगरदांड्याला उतरायचं, मग मुरूड, रेवदंडा आणि त्याला लागूनच चौल, म्हणजेच चेऊल. याच किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं राहिले. त्यांची भाषा मराठी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावंही गावांवरून: पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर. अलिबागमध्ये आजही इस्रायल आळी आहे.

डेव्हिड कायद्याचे पदवीधर. पण मनासारखी नोकरी काही मिळेना. शेवटी एका मित्राच्या ओळखीने १९३७ साली 'झांबो' या सिनेमात काम मिळालं. पुढे 'नया संसार' (१९४१) आला आणि मग थांबणं नाही. शंभराहून जास्त सिनेमे! हिरो मात्र कधीच नाही.

कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणजे नेमकं काय? गोष्ट हिरोची असते, पण तिच्यावर आपला विश्वास बसतो तो आजूबाजूच्या माणसांमुळे. 'बूट पॉलिश' (१९५४) बघा. डेव्हिड झालेत जॉन चाचा. पायाने अधू, चोरून दारू विकणारा. स्वतः कायदा मोडतो, पण दोन अनाथ पोरांना सांगतो, भीक मागू नका, कष्ट करून खा. असं पात्र जरा चुकलं तर उपदेशाचा डोस होतो. डेव्हिडनी त्याला आजोबांची माया दिली. १९५५ साली सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पहिल्यांदाच दिला गेला, तो त्यांना. १९६९ मध्ये पद्मश्रीही मिळाली.

'अभिमान'मधले संगीताचे जाणकार, 'बातों बातों में'मधले टॉम अंकल, 'गोलमाल'चे डॉ. केदार. ख्रिश्चन असो वा हिंदू, हा माणूस कुठल्याही घरातला वाटायचा. पण त्याचं स्वतःचं घर कुठलं, हे कुणी विचारलंच नाही. टायटल्समध्ये नुसतं 'डेव्हिड' यायचं, चेऊलकर गळून जायचं. १९८१ साली ते गेले, तेही पार टोरांटोला.

१९४८ नंतर बरेच बेने इस्रायली इस्रायलला गेले. गावं रिकामी झाली आणि आडनावांमागची गोष्टही आपण विसरलो. आता तर फोनवर टायटल्स आली की आपला अंगठा आपोआप 'स्किप'वर जातो. माझाही.

पुढच्या वेळी थांबा. नुसतं 'डेव्हिड' दिसलं, की पुढचं 'चेऊलकर' आपण म्हणायचं. भेटू पुढच्या भागात!