रोप उंच, पण लेचंपेचं का?

जालन्याच्या मोसंबीचं कलम बांधण्यासाठी लावलेली रंगपूर लिंबाची खुंटरोपं गर्द आंब्याखाली ठेवली, तर भराभर उंच होतात. खोड मात्र बारीकच. सावलीत उजेड नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही बदलतो. वरची पानं तांबडा प्रकाश शोषतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा खाली झिरपतो. रोपातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य या दोन्हींच्या प्रमाणानुसार बटणासारखं पालटतं. अतितांबडा वाढला, की वर झाडांची दाटी आहे हे रोपाला कळतं आणि ते सारी शक्ती उंचीत घालतं. मुळं मागे पडतात. फायटोक्रोमची ही उलटापालट अमेरिकेत १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दिसली. झाडाच्या सावलीउलट काळी शेडनेट उजेड कमी करते, पण त्याचा रंग फारसा बदलत नाही. म्हणून रोपं झाडाखाली नको, नेटखाली आणि एकमेकांवर सावली पडणार नाही इतकी मोकळी ठेवा.