संग्रहालयात वाघ पाहाच, पण लेबलही वाचा! खानदेशच्या पिंगळ्याची ११३ वर्षांची गोष्ट

सुटीत मुलांना घेऊन मुंबईला गेले की राणीची बाग आणि गेट वे ठरलेले. गेट वेपासून पायी अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथले प्राण्यांचे दालन मुलांना मूर्तींपेक्षा जास्त आवडते. वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी असे सगळे जंगल-पाणथळीच्या देखाव्यात मांडलेले आहे. दालनातील संग्रहाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मोठा हातभार लागला. ही संस्था १८८३ पासून काम करते.

पण काचेमागचा प्राणी म्हणजे अर्धीच माहिती. तो कुठे आणि केव्हा मिळाला, हे लेबल सांगते. लेबल चुकीचे असेल तर काय होते, हे खानदेशाइतके कुणी अनुभवले नसेल.

नेमके काय घडले?

जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात शहादा-तळोदा भागातून वन पिंगळ्याचे नमुने गोळा केले. त्यातले काही लंडनच्या संग्रहालयात गेले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने होते.

त्यातल्या एकाच्या लेबलवर मात्र १९१४ साल आणि गुजरातमधले मांडवी हे गाव होते. नाव होते कर्नल रिचर्ड माइनरत्झहागेन यांचे. अभ्यासकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि पक्षी गुजरातेत शोधला. अर्थातच सापडला नाही.

चोरी कशी पकडली?

अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले. पक्ष्याच्या कातड्यात कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची धाटणी वेगळी असते. कर्नलसाहेबांनी कातडे उसवून नव्याने भरले होते, तरी आत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या. म्हणजे खानदेशातला नमुना संग्रहालयातून चोरून त्याला खोटे लेबल लावले होते!

मांडवी बाद झाले, तसा शोध जुन्या खऱ्या लेबलांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ भरदिवसा झाडावर बसलेला वन पिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होते.

पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला. आंतरराष्ट्रीय यादीत तो २०१८ पर्यंत 'अतिसंकटग्रस्त' होता, आता 'संकटग्रस्त' आहे. धोका टळलेला नाही. सातपुड्यात सागाचे जंगल विरळ होऊन शेती वाढली, की त्याची ढोलीची झाडे जातात.

पाहताना काय लक्षात ठेवाल?

आपल्या पारोळ्यात चिंचेवर, वडावर दिसतो तो साधा ठिपकेवाला पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. वन पिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पंखावर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, आणि तो दिवसाही वावरतो. घुबड म्हटले की रात्रच डोळ्यांपुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

संग्रहालयांचे बहुतेक पक्षी दालनात नसतातच. ते अभ्यासासाठी खणांत, पायाला लेबल बांधून ठेवलेले असतात. लंडनच्या संग्रहालयाचा पक्षीसंग्रह तर ट्रिंग या लहान गावात आहे. शहाद्याचे पिंगळे तिथेच आहेत.