आपल्या वतीने ओरडणारा

मंडळी, उदाहरण आपल्या शहरातलंच घेऊ. मार्च २०२० अखेर काही वृत्तवाहिन्यांचे निवेदक तबलिगी जमातवर ‘कोरोना जिहाद’ म्हणून ओरडू लागले. लोक खिळून बसले. २१ ऑगस्टला इथल्या खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, माध्यमांतल्या अपप्रचारावर ताशेरेही ओढले. तो निकाल मात्र कुणी खिळून वाचला नाही.

ॲरिस्टॉटल सांगतो, अपमान झाल्यासारखं वाटलं की राग येतो आणि त्या रागात बदल्याच्या आशेचं सुख असतं. पण आपला अपमान झालाय, हे आपल्याला कळतं कुठून? तेही निवेदकच सांगतो, रात्री नऊला! घरात कुणी एवढं ओरडलं तर आपण उठून जातो. हा मात्र आपल्या वतीने ओरडतो. निकालपत्रात तसा आयता शत्रू मिळत नाही.