समजा, नेपोलियनकडे ड्रॅगन असते तर

नेपोलियनच्या युद्धांचा काळ. 'रिलायंट' या ब्रिटिश युद्धनौकेनं भर समुद्रात एक फ्रेंच जहाज जिंकून घेतलंय. फ्रेंच खलाशी असे जिवावर उदार होऊन का लढले, ते जहाजाच्या पोटातली एक पेटी उघडल्यावर कळतं. आत भलंमोठं अंडं आहे. डॉक्टर त्याच्या कवचाला हात लावून पाहतो आणि सांगतो, हे कडक होत चाललंय, किनारा गाठेपर्यंत पिल्लू थांबायचं नाही. आता पंचाईत अशी, की जन्मल्याबरोबर कुणा माणसाकडून साज चढवून घेतला नाही, तर ड्रॅगन रानटी होतो आणि हातचा जातो. मग अधिकाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघते ती उंचीला घाबरणाऱ्या एका पोरसवदा अधिकाऱ्याची. कवच फुटतं, काळंभोर पिल्लू बाहेर येतं, त्या पोराला ओलांडून थेट कप्तान विल्यम लॉरेन्सपुढे उभं राहतं आणि स्वच्छ इंग्रजीत विचारतं, तुझ्या कपाळाला आठ्या का पडल्यात?

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेची 'टेमेरेअर' ही मालिका इथून सुरू होते. पहिली कादंबरी २००६ साली आली, नववी आणि शेवटची २०१६ साली. ड्रॅगनच्या गोष्टी जगात ढिगानं आहेत, पण इतिहासाच्या पुस्तकाच्या मधोमध ड्रॅगन आणून बसवायचा आणि त्या पुस्तकाची एकेक ओळ नव्यानं तपासायची, असा नेटका प्रयोग माझ्या वाचनात दुसरा नाही. नोविक बदलते ती एकच गोष्ट: या जगात ड्रॅगन आधीपासून आहेत, सगळ्या खंडांत, घोड्या-हत्तींसारखे. बाकी नेपोलियन तोच, ट्रफाल्गरची लढाई तीच, बंदुका आणि शिष्टाचारही तेच. त्या एका बदलाचे परिणाम मात्र ती हिशोब चुकवू न देता शेवटपर्यंत नेते.

पिल्लाला लॉरेन्स नाव देतो एका जहाजाचं. 'टेमेरेअर' ही खरीच ९८ तोफांची ब्रिटिश युद्धनौका होती. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत ती ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या 'व्हिक्टरी'च्या मागोमाग शत्रूच्या रांगेत घुसली. पुढे १८३८ साली ती मोडीत काढायला नेली गेली, आणि टर्नरनं तिचं चित्र काढलं. मावळत्या उन्हात एक छोटी वाफेची बोट त्या फिकुटलेल्या थोर जहाजाला ओढून नेते आहे, असं ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते पाहिलेल्या वाचकाला ड्रॅगनच्या तोंडी हे नाव ऐकताना पोटात हलतं.

पण ड्रॅगन नेमके याच युद्धात का? याचं उत्तर खऱ्या इतिहासातच आहे. १८०३ ते १८०५ या काळात नेपोलियननं इंग्लंडवर उतरण्यासाठी बुलोनच्या किनाऱ्यावर मोठी फौज गोळा केली होती. समोर इंग्लंडची खाडी, जिच्या अरुंद भागात पलीकडचे पांढरे कडे स्वच्छ दिवसात दिसतात. तेवढं पाणी त्याला ओलांडता आलं नाही, कारण त्या पाण्यावर ब्रिटिश आरमार होतं. पण इंग्रजांना आकाशाचीही भीती होती. फ्रान्सनं १७९४ साली लष्करात बलूनपथक उभारलं होतं, आणि त्याच वर्षी फ्लोरसच्या लढाईत बलूनमध्ये बसून शत्रूच्या हालचाली टिपल्या होत्या. पथक १७९९ मध्ये बंद झालं, पण लोकांच्या मनातून गेलं नाही. त्या काळची छापील चित्रं पाहा: वरून बलूनमधून फ्रेंच सैनिक येतायत, खाली जहाजं आहेत, आणि समुद्राखालून बोगदा खणून आणखी फौज चालत येते आहे. म्हणजे आकाशातून येणारी फौज नोविकनं आयत्या वेळी शोधून काढलेली नाही. ती त्या पिढीच्या भीतीत तयार होती. तिनं त्या भीतीला पंख, वजन आणि भूक दिली. पहिल्या कादंबरीच्या शेवटी फ्रेंच ड्रॅगन सैनिकांनी भरलेले लाकडी खोके घेऊन खाडीवरून उडत येतात, तेव्हा ती चित्रं खरी झालेली असतात.

वजनाचं म्हणाल, तर टेमेरेअर वीसेक टनांचा होतो. आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या उडत्या प्राण्याचं, क्वेट्झलकोॲटलस या टेरोसॉरचं, वजन शास्त्रज्ञ दोन-अडीचशे किलो धरतात आणि पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर. तेव्हा वीस टन उडतील कसे? नोविक त्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या देते. खरं भौतिकशास्त्र यावर समाधानी होणार नाही, पण लेखिकेला हा प्रश्न पडला यातच या मालिकेचं मर्म आहे.

आता ड्रॅगनवर बसू. बड्या ड्रॅगनच्या पाठीवर एकटा वीर तलवार परजत नसतो, अख्खं खलाशीपथक असतं. साजाच्या पट्ट्यांना प्रत्येकानं आपल्या कमरेचे हूक अडकवलेले. पंखांजवळ टेहळे, पाठीवर बंदूकधारी, आणि पोटाखाली लोंबत्या जाळ्यांत बॉम्ब टाकणारी माणसं. इशारे झेंड्यांनी. जमिनीवर चामडं शिवणारे, साजाच्या कड्या ठोकणारे आणि जखमा शिवणारे डॉक्टर. लढाईत शत्रूची माणसं आपल्या ड्रॅगनवरून तुमच्या ड्रॅगनवर उडी मारतात, हजारो फुटांवर, आणि त्यांचा रोख असतो एकाच माणसावर. कप्तानाच्या गळ्याला सुरी लागली की तो अजस्र प्राणी जागच्या जागी हार मानतो. ज्याला तोफा नमवत नाहीत, तो आपल्या माणसाच्या जिवासाठी शत्रूच्या तळावर निमूट उतरतो. नौदलाच्या लढाईचे जुने डावपेच, जहाजावर चढाई आणि जिंकलेल्या जहाजाचं बक्षीस, सगळं इथे आहे. फरक एवढाच की जिंकलेलं जहाज रडतं.

हा फरकच पुढे सगळ्या मालिकेला पुरून उरतो. ड्रॅगन बोलतात, विचार करतात. अंड्यात असताना कानावर पडलेली भाषा घेऊनच ते जन्माला येतात. टेमेरेअरला रात्री पुस्तक वाचून दाखवावं लागतं, आणि त्याला न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' आवडतं. मग असा प्राणी ब्रिटिश लष्कराचा नोकर की गुलाम? तो पगार का मागू नये? दुसऱ्या कादंबरीत ही जोडी चीनला जाते. अंडं मुळात चीनच्या दरबाराकडून नेपोलियनला नजराणा म्हणून निघालेलं होतं. तिथल्या शहरांत रस्ते ड्रॅगनच्या मापाचे आहेत, ड्रॅगन विद्वान आहेत, व्यापार करतात, लिहितात. टेमेरेअर ते पाहतो आणि परत येतो तो प्रश्न घेऊनच. ज्या वर्षांत ब्रिटिश पार्लमेंट गुलामांच्या व्यापारावर वाद घालत होतं (तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ चा), त्याच वर्षांत एक ड्रॅगन आपल्या कप्तानाला विचारतो, मग आमचं काय? हे शेजारपण नोविकनं जाणून साधलंय. लॉरेन्सचे वडीलच गुलामगिरीचे विरोधक दाखवलेत.

बायकांचं तसंच. ब्रिटनच्या सर्वांत मोलाच्या जातींपैकी एक, तेजाब फेकणारी 'लाँगविंग', फक्त स्त्री कप्तानच स्वीकारते. बिचाऱ्या लष्कराला गुपचूप मुलींना प्रशिक्षण द्यावं लागतं. सभ्य घरात वाढलेला लॉरेन्स पँट घातलेली, जखमांचे व्रण मिरवणारी कप्तान समोर पाहतो तेव्हा त्याला बोलायचं कसं हेच कळत नाही. त्या काळाच्या चौकटीत बाईला सेनापतीपर्यंत नेण्याची वाट लेखिकेनं एका प्राण्याच्या हट्टातून काढली. लेखिकेनं प्रवचन न देता हे साधलं, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

मग नकाशाच बदलत जातो. दक्षिण आफ्रिकेत त्स्वाना लोक ड्रॅगनना आपले पुनर्जन्म घेतलेले पूर्वज मानतात, आणि ते पूर्वज आपली नातवंडं गुलाम म्हणून विकू देत नाहीत. पेरूमध्ये इंका साम्राज्य शाबूत आहे. आपल्या जगात ते १५३३ साली सम्राट अताहुआल्पाच्या वधानंतर कोसळलं, इथे ड्रॅगननी राखलं. वसाहतींचा इतिहास काही अटळ नव्हता, एखादं पारडं जरा वेगळं झुकलं असतं तर निराळं जग उभं राहिलं असतं, हे इतक्या मजेत सांगणारं पुस्तक विरळाच.

मराठी वाचकाला यात एक ओळखीचा चेहरा भेटतो. पाचव्या कादंबरीत इंग्लंडच्या बचावाची धुरा येते आर्थर वेलस्लीकडे, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनकडे. हाच तो, ज्यानं २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. आपल्या घरच्या लढाईतून निघालेला हा सेनापती तिकडे ड्रॅगनशी पगाराची घासाघीस करतो, ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही.

इतिहास इतका असूनही यात परीकथा शिल्लक आहे, ती ड्रॅगनच्या हव्यासात. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं खजिन्यावर पहारा देतो आणि कुणी एक पेला चोरल्यावर गावं जाळत सुटतो. त्या काव्याचं एकुलतं एक हस्तलिखित १७३१ च्या आगीत कडांनी होरपळलं, तरी वाचलं. ऑक्सफर्डमध्ये हेच काव्य शिकवणाऱ्या टॉल्किननं १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये पेल्याची ती चोरी पुन्हा घडवली. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो, तेच हे. टेमेरेअरही तसाच: दागिना मिळाला की हरखून जातो, दुसऱ्याच्या सोन्याकडे चोरून बघतो. फक्त इथे त्या हव्यासाची भीती वाटत नाही, माया वाटते.

नोविकनं पुढे हाच खेळ उलटा केला. २०१८ च्या 'स्पिनिंग सिल्व्हर'मध्ये तिनं परीकथेच्या पोटात इतिहास भरला. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेली ती गोष्ट आठवा: गवताचं सोनं कातून देणारा बुटका, आणि त्याचं नाव ओळखण्याची पैज. नोविक विचारते, सोनं करून दाखवतो असं कोण म्हणेल? तिचं उत्तर: सावकाराची मुलगी. मिरिएम ही पूर्व युरोपातल्या एका बर्फाळ खेड्यातली ज्यू मुलगी. बाप इतका भिडस्त, की उसनवारी वसूलच करत नाही. घरात उपासमार, आणि त्यांच्याच पैशावर गाव मजेत. मुलगी एक दिवस वही काखोटीला मारून दारोदार जाते. चांदी घेते, माल करते, सोन्याला विकते. एकदा ती म्हणते, मी चांदीचं सोनं करते, आणि ते बोलणं रानातल्या हिमलोकांचा राजा ऐकतो. तो तिच्या दारी चांदीची थैली ठेवतो. यात जादू किती आणि व्यापार किती, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. दागिने घडवणारा सोनार, ते विकत घेणारा सरदार, मधला नफा, सगळं पारखून दिलंय.

इतिहास कुठे आहे? तो त्या वहीत आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघात शिरता येत नसे, आणि चर्च ख्रिस्ती माणसाला व्याजाचा धंदा करू देत नसे. मग सावकारी त्यांच्या वाट्याला आली, आणि तिच्याबद्दलचा द्वेषही. परीकथेतल्या लोभी, कपटी, विद्रूप ठेंगूमागे कोणाचा चेहरा लपवला होता, हे ही कादंबरी मिरिएमच्या तोंडून सांगते. नोविकच्या वडिलांचं घराणं लिथुआनियन ज्यू आणि आई पोलिश. दोन्ही बाजूंच्या गोष्टी तिच्या हाताशी होत्या. पोलिश बाजूची 'अपरूटेड' (२०१५) नेब्युला पुरस्काराची मानकरी ठरली. तिथे 'ड्रॅगन' हे एका तुसड्या जादूगाराचं नाव आहे, आणि खरा राक्षस आहे सगळं गिळत येणारं जंगल.

कुठून सुरुवात करावी? इतिहासाची गोडी असेल, तर 'टेमेरेअर'चं पहिलं पुस्तक घ्या, मधूनच उचलू नका, आणि चौथ्याचा शेवट कुणाकडून ऐकू नका. तिथे लॉरेन्सला देश आणि न्याय यांतलं एक निवडावं लागतं आणि मालिकेचं वळणच बदलतं. सातवं मला थोडं रेंगाळलेलं वाटलं, तरी इंका दरबारासाठी ते वाचाच. लहानपणी आजीच्या गोष्टी ऐकून वाढला असाल तर 'स्पिनिंग सिल्व्हर' आधी. आणि घरात दहावी-बारावीत इतिहासाच्या सनावळ्या पाठ करून वैतागलेलं कुणी असेल, तर 'टेमेरेअर' त्याच्या हातात द्या. बुलोन आणि ट्रफाल्गर त्याला पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत.