औंढा नागनाथजवळून विश्वाचा वेध

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी एक अतिसूक्ष्म थरथर टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या घटनेने अवकाशातच उठलेली गुरुत्वीय लहर त्या दिवशी पृथ्वीवरून गेली. अशा लहरींचे आइनस्टाइन यांनी १९१६ मध्ये वर्तवलेले भाकीत प्रथमच थेट पडताळले गेले.

ही लहर टिपायची कशी? लायगोच्या प्रत्येक वेधशाळेला काटकोनातल्या दोन भुजा आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. एकाच लेझर किरणाचे दोन भाग करून ते दोन्ही भुजांत सोडतात. टोकाच्या आरशांवरून परतलेले किरण पुन्हा एकत्र येतात. लहर जाताना एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते आणि किरणांचा मेळ बिघडतो. भुजांच्या लांबीतला हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो!

लहर कोणत्या दिशेने आली, हे वेगवेगळ्या वेधशाळांत ती पोहोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून कळते. वेधशाळा जितक्या दूरदूर, तितका अंदाज नेमका. म्हणूनच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्या उभारणीला मंजुरी दिली. पुण्याची आयुका संस्थाही या प्रकल्पात आहे.

मराठवाड्यातल्या मुलांना उद्या विश्वाचे हे स्पंदन आपल्याच मातीत टिपले जाताना पाहता येईल, याचा आनंद फार मोठा आहे.