बदलत्या नांवांचे फोल्डर

एकलहरे हें गोदावरीकाठचें गांव नाशिककरांस ठाऊक आहे तें औष्णिक वीजकेंद्रामुळें. 1970 सालीं तेथें पहिला संच सुरू झाला. माझ्या वडिलांची सारी नोकरी तेथेंच झाली. पुढें घरांतील जुनीं छायाचित्रें आम्ही भावंडांनीं संगणकांत उतरविलीं, आणि प्रत्येकानें आपापल्या फोल्डरला मनास येईल तें नांव दिलें. एकाचें 'एकलहरे वसाहत', दुसऱ्याचें 'एकलहरा 1983', बहिणीचें 'एकलहऱ्याचे फोटो'. मराठी माणसास यांत वावगें वाटत नाहीं. प्रत्यय लागला कीं 'रे'चा 'ऱ्या' व्हावयाचाच. संगणकाला मात्र व्याकरण येत नाहीं. त्याच्या लेखीं हीं तीन गांवें झालीं.

असे पुष्कळ फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर एकदम उतरवून घ्यावयाचे, तर विंडोजमध्यें बॅच फाइल उपयोगी पडते. ओळीनें लिहून ठेवलेल्या आज्ञांची ती यादी. मीं प्रथम तींत प्रत्येक नांव पुरतें लिहिलें, आणि बहिणीचा फोल्डर सांपडेना! 'ऱ्या' हें अक्षर टंकण्याच्या तऱ्हा एकाहून अधिक आहेत. डोळ्यांस रूप तेंच, आंतील संकेतक्रमांक निराळे. तेव्हां श्रोतेहो, पुरतें नांव सांगूंच नये, न बदलणारा भाग तेवढा सांगावा. 'एकलह' लिहून पुढें तारका ठेवली, कीं 'फॉर' ही आज्ञा, तिला तिरपी रेघ व 'डी' जोडलें असतां, त्या अक्षरांनीं आरंभ होणारे फोल्डर एकामागून एक हातीं देते. फाइल यूटीएफ-8 पद्धतीनें जतन करून आरंभीं 'सीएचसीपी 65001' ही आज्ञा मात्र द्यावी. पडद्यावर अक्षरांऐवजीं चौकोन उमटले तरी भिऊं नये.

दुसरी चूक मला महाग पडली. सर्व फोल्डर मीं एकाच 'प्रत' नांवाच्या फोल्डरांत ओतले. चित्रांना प्रत्येक ठिकाणीं 001, 002 असेच क्रमांक होते. 'रोबोकॉपी' ही नक्कल करणारी आज्ञा विचारीत बसत नाहीं. मागून आलेलें 001 पहिल्यावर बसलें. चिमणीखालीं उभ्या असलेल्या वडिलांचें चित्र असें गेलें. तें ध्यानांत आलें तेव्हां जुना संगणक मोडींत निघाला होता, आणि कागदी प्रत वाळवीनें पूर्वींच खाल्ली होती.

उपाय साधा होता. जेथें उतरवावयाचें त्या पत्त्याच्या शेवटींहि मूळ फोल्डरचें नांव येऊं द्यावें. बॅच फाइलींत तें दोन टक्केचिन्हें, लाटेसारखी खूण, 'एन', 'एक्स' आणि 'फॉर'मध्यें योजलेलें अक्षर, या क्रमानें लिहितात. यांतील 'एक्स' गाळूं नये, नांवांत 12.3 अशी तारीख असली, तर टिंबापासून पुढचें सारें छाटलें जातें. नांवांत मोकळ्या जागा असतात, म्हणून दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांत हवेत. शेवटीं 'ई' जोडावें, म्हणजे पोटांतील फोल्डरहि येतात. 'एमआयआर' मात्र जोडूं नये. मूळांत नसलेलें सारें तें प्रतींतून पुसून टाकतें.

आतां मी प्रथम 'एल' जोडून पाहतों. त्यानें कांहींच न उतरतां नुसती यादी मिळते. ती बहिणीस वाचून दाखविली, तर ती म्हणाली, "दादा, माझा 'पॉवर हाउस' कोठें आहे?" त्या नांवांत गांवाचें नांवच नव्हतें. तो मीं हातानें निराळ्या ओळींत घातला.